बँक, ब्रोकर आणि आपण

मराठी विभागात कविता आणि ट्रेकची वर्णनं सोडून हा कुठला हिशोबाचा लेख, असं म्हणून पान उलटू नका! विषय तुमच्या-माझ्याच खिशाचा आहे. कॅम्पसमधून नोकरी लागली की ऑफर लेटरच्या पाठोपाठ सॅलरी अकाउंटचा फॉर्म येतो. तो भरताना बँकेचा माणूस सहज म्हणतो, "सर, इथे पण एक टिक करा, डिमॅट आणि ट्रेडिंग अकाउंट बरोबरच उघडून जाईल." आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी 'सर' म्हटलेलं असतं. आपण टिक करतो!

ही टिक करावी की नाही, याचा मी यंदा सुट्टीत जरा नीट अभ्यास केला. कारण घरी तोच प्रश्न उभा होता. बाबा एसटीत नोकरीला. पुढच्या वर्षी रिटायर होतील आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात येतील. त्यातच धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं आहे. आमच्या तालुक्याच्या बँकेतल्या साहेबांनी त्यांना आतापासूनच सांगून ठेवलंय, "शेअर, म्युच्युअल फंड सगळं आपल्याच बँकेतून करा, काळजी नको." बाबांनी यातला 'आपल्याच बँकेतून' एवढाच शब्द धरला. त्यांच्या डोक्यात बँक म्हणजे एफडी, आणि एफडी म्हणजे खात्री. मला म्हणाले, "अरे, बँक आहे ना मध्ये, मग बुडतंय कशाला?"

या एका वाक्यात अर्धं खरं आहे आणि अर्धं खोटं. कुठलं अर्धं कुठलं, ते आता बघू.

१. आधी ब्लॉक डायग्राम

बँकवाले ज्याला थ्री-इन-वन अकाउंट म्हणतात, त्यात तीन वेगळे डबे असतात. पहिला डबा सेव्हिंग्ज खातं. इथे पैसे असतात. दुसरा डबा डिमॅट खातं. इथे शेअर असतात. तिसरा डबा ट्रेडिंग खातं. यात काहीच साठत नाही, इथून फक्त खरेदी-विक्रीची ऑर्डर जाते. तीन डब्यांना जोडणारी वायर बँकेने आधीच ओढून दिलेली असते, एवढंच.

सेव्हिंग्ज खातं बँकेचं आणि बँकेवर देखरेख रिझर्व्ह बँकेची. ट्रेडिंग खातं मात्र सहसा बँकेचं नसतं. ते बँकेच्या ब्रोकिंग कंपनीचं असतं. आयसीआयसीआय सिक्युरिटीज, एचडीएफसी सिक्युरिटीज, कोटक सिक्युरिटीज ही नावं बघा. आडनाव एकच, पण माणसं वेगळी! या कंपन्यांवर नियंत्रण सेबीचं. आणि डिमॅटमधले शेअर ना बँकेच्या तिजोरीत असतात ना ब्रोकरच्या. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीकडे तुमच्या नावावर नोंदलेले असतात. बँक किंवा ब्रोकर तिथला फक्त एजंट. त्याला डिपॉझिटरी पार्टिसिपंट म्हणजे डीपी म्हणतात.

थोडा इतिहास. १९९६मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला आणि त्याच वर्षी एनएसडीएल सुरू झाली. सीडीएसएल १९९९ची. त्याआधी शेअर म्हणजे कागद. सह्या जुळवा, पोस्टाने पाठवा, हरवला तर बोंबला. डिमॅट आलं, पाठोपाठ इंटरनेट आलं आणि २०००मध्ये आयसीआयसीआय डायरेक्ट सुरू झालं. बँक, डिमॅट आणि ट्रेडिंग एकाच लॉगिनमध्ये देण्याची पद्धत आपल्याकडे तिथून रुजली. चेक लिहून ब्रोकरच्या ऑफिसात नेऊन द्यायच्या काळात ही केवढी मोठी सोय होती, याची आज यूपीआयच्या जमान्यात कल्पना येणार नाही.

२. बाबांचं खरं असलेलं अर्धं

स्वतंत्र ब्रोकरकडे शेअर घ्यायचे तर सहसा आधी पैसे त्याच्याकडच्या खात्यात टाकावे लागतात. ते तिथे नुसते पडून राहिले तर व्याज शून्य. सेबीच्या नियमाप्रमाणे न वापरलेले पैसे त्याला महिन्याने किंवा तिमाहीने, तुम्ही निवडाल तसे, परत करावे लागतात. पण मधल्या काळात ते तुमच्या खात्यात नसतात. थ्री-इन-वनमध्ये पैसे सेव्हिंग्ज खात्यातच राहतात. ऑर्डरपुरती रक्कम अडवली जाते आणि सौदा झाला की वळती होते. आयपीओला आपण जी 'अस्बा' पद्धत वापरतो, तिच्याशी मिळतंजुळतं.

हा फायदा खरा आहे. सेबीनेही तो मान्य केलाय. १ फेब्रुवारी २०२५पासून मोठ्या, म्हणजे 'क्वालिफाइड' गटातल्या ब्रोकरांनी ग्राहकाला दोनपैकी एक सोय द्यायलाच हवी: यूपीआयने खात्यातच रक्कम अडवण्याची, नाहीतर थ्री-इन-वनची.

यामागे एक कडू अनुभव आहे. नोव्हेंबर २०१९मध्ये सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर कारवाई केली. ग्राहकांचे शेअर गहाण टाकून कंपनीने स्वतःसाठी कर्ज उचललं होतं. ग्राहकांनी दिलेल्या पॉवर ऑफ अॅटर्नीचा गैरवापर झाला होता. त्यानंतर नियम बरेच घट्ट झाले. आता शेअर गहाण ठेवायचे तर डिपॉझिटरीकडून तुम्हाला ओटीपी येतो. २०२२पासून सरसकट पॉवर ऑफ अॅटर्नीच्या जागी डीडीपीआय नावाचं मर्यादित अधिकारपत्र आलं. तेही ऐच्छिक आहे, दिलं नाही तर विकताना दरवेळी टी-पिन टाकायचा, एवढंच.

३. बाबांचं खोटं असलेलं अर्धं

बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं विमासंरक्षण आहे. फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत. हे संरक्षण ठेवींना आहे. त्याच बँकेच्या अॅपमधून घेतलेल्या शेअरला नाही, म्युच्युअल फंडालाही नाही. शेअर अर्ध्यावर आला तर तो कुठल्या खिडकीतून घेतला होता, हे बाजार विचारत नाही!

मी बाबांना कागदावर दोन रकाने आखून दिले. डावीकडे 'बँक देणं लागते', उजवीकडे 'बँक फक्त विकते'. एफडी आणि सेव्हिंग्ज डावीकडे. शेअर, फंड आणि विमा उजवीकडे. बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा उजवीकडचा बँकेचा नाहीच की!" बस्स, अख्खा लेख या एका वाक्यात आला.

४. सोयीची किंमत

आता आपला आवडता भाग, आकडेमोड. बँकांच्या ब्रोकिंग कंपन्या पारंपरिक प्लॅनमध्ये सौद्याच्या टक्केवारीने ब्रोकरेज घेतात. दर प्लॅनप्रमाणे बदलतो, म्हणून इथे समजा अर्धा टक्का धरू.

१०,००० रु.चे शेअर घेतले. ब्रोकरेज ५० रु. त्यावर १८% जीएसटी ९ रु. एसटीटी ०.१% म्हणजे १० रु. स्टँप ड्युटी ०.०१५% म्हणजे दीड रुपया. एकूण ७०.५० रु. काही दिवसांनी त्याच भावात विकले, तर ५० + ९ + १० = ६९ रु. एक्स्चेंजचे चार्जेस पैशांत असतात, ते सोडून देऊ. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी १३९.५० रु. गेले. वर विकताना डीपी चार्ज वेगळा. तो दर कंपनीमागे दर दिवशी ठरलेला असतो, एक शेअर विका की शंभर.

आता ब्रोकरेज शून्य धरा. २०१०मध्ये सुरू झालेल्या झिरोधाने डिसेंबर २०१५पासून डिलिव्हरीच्या सौद्यांना ते शून्यच केलं. तिथे याच व्यवहाराला सरकारी कर २१.५० रु. आणि डीपी चार्ज. फरक ११८ रुपयांचा!

"पण बँकेत पैसे असताना व्याज मिळतं ना?" मिळतं. वर्षाला अडीच टक्के धरले तर १०,००० रु.वर महिन्याचे साधारण २१ रु. म्हणजे २१ मिळवायला ११८ घालवले.

अजून एक खाच 'किमान ब्रोकरेज'ची. समजा प्लॅनमध्ये एका सौद्याला किमान २५ रु. लिहिले आहेत. तुम्ही पगारातून महिन्याला २,००० रु.चे शेअर घेता. अर्ध्या टक्क्याने १० रु. व्हायला हवेत, पण जातात २५ आणि जीएसटी, म्हणजे २९.५०. वर्षाला ३५४ रु. तेच २४,००० रु. एकदम गुंतवले असते तर १४१.६० रु. लागले असते. थेंबे थेंबे तळे साचे खरं, पण दर थेंबामागे टोल आहे का, ते आधी बघा.

एक खुलासा हवा. बँकांच्या ब्रोकिंग कंपन्यांनीही नंतर कमी दराचे प्लॅन आणले. पण तो प्लॅन तुम्हाला आपणहून मिळेलच असं नाही, मागावा लागतो.

५. दिसत नाही ती किंमत

ब्रोकरेज निदान बिलावर छापलेलं असतं. म्युच्युअल फंडात तसं नाही. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक फंडाचे दोन प्लॅन असतात, डायरेक्ट आणि रेग्युलर. फंड तोच, मॅनेजर तोच. रेग्युलरमध्ये विकणाऱ्याचं कमिशन तुमच्याच पैशातून रोज थोडं थोडं जातं. बँकेमार्फत घेतला तर सहसा रेग्युलरच मिळतो.

समजा महिन्याला ५,००० रु. वीस वर्षं. डायरेक्टमध्ये वर्षाला १२% आणि रेग्युलरमध्ये ११% पडले असं धरू. (ही खात्री नव्हे हं, फक्त गणित!) पहिल्यात साधारण ४९.५ लाख होतात, दुसऱ्यात ४३.३ लाख. एका टक्क्याने सहा लाख. तुम्ही एकूण भरले होते १२ लाख.

कमिशन म्हणजे चोरी, असं माझं म्हणणं नाही. कोणी खरंच नीट सल्ला देत असेल, बाजार पडल्यावर फोन करून धीर देत असेल, तर त्याचा मोबदला योग्यच. पण दर सहा महिन्यांनी बदलून जाणारा रिलेशनशिप मॅनेजर टार्गेटसाठी फोन करत असेल, तर तो सल्ला नव्हे, ती विक्री.

६. मग निवडायचं काय?

मोटर निवडताना आपण आधी लोड बघतो. इथेही तेच. वर्षातून एक-दोनदाच मोजके शेअर घेऊन ठेवणारा, अॅप आणि पासवर्ड वाढवायचे नाहीत असा माणूस असेल, तर बँकेचं खातं त्याला उत्तम. वर्षाला शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी डोक्याला ताप नाही. पण दर महिन्याला थोडं थोडं घेणाऱ्याने खर्च आधी बघावा. म्हणजे आपल्यासारख्या नव्या पगारदाराने!

आमच्या घरी ठरलं ते असं. बहिणीच्या फीचे पैसे एफडीत, त्याला हात लावायचा नाही. बाबांना हौस म्हणून थोडे शेअर घ्यायचे आहेत, त्यासाठी बँकेचंच खातं, कमी दराचा प्लॅन मागून. माझं मात्र कमी खर्चाच्या ब्रोकरकडे एकच डिमॅट आणि फंड डायरेक्ट.

'एकच' हा शब्द महत्त्वाचा. छोट्या गुंतवणूकदारासाठी बीएसडीए नावाचं डिमॅट असतं. सप्टेंबर २०२४पासून त्यात ४ लाखांपर्यंतच्या शेअरना वार्षिक फी नाही, ४ ते १० लाखांपर्यंत १०० रु. अट अशी की, तुमच्या नावावर एकच डिमॅट हवं. सॅलरी अकाउंटबरोबर सहज टिक करून एक उघडलं आणि मग मित्राच्या नादाने दुसरं उघडलं, की ही सवलत गेली.

७. टिक करण्याआधी

फॉर्म पुढे आला की हे विचारा. ब्रोकरेज किती आणि किमान किती? वार्षिक फी किती, बीएसडीए मिळेल का? डीपी चार्ज किती? फंड डायरेक्ट मिळतो का? नॉमिनी भरला का? आणि 'एफ अँड ओ'च्या चौकटीत आधीच टिक तर नाही ना? सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये सांगितलं, की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३% तोट्यात गेले. एवढ्या एटीके तर आपल्या एम-थ्रीलाही लागत नाहीत!

तक्रार असेल तर आधी कंपनीकडे लेखी द्या, दाद लागली नाही तर सेबीच्या 'स्कोर्स'वर. आणि डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट उघडून बघत जा. ब्रोकरचं अॅप काहीही दाखवो, तुमच्या नावावर खरोखर काय आहे ते या स्टेटमेंटमध्ये कळतं.

व्हायवात एक्स्टर्नल विचारतो, "हे सर्किट तू स्वतः जोडलंस का?" बँकेने जोडून दिलेलं सर्किट वापरायला काहीच हरकत नाही. फक्त कुठल्या वायरमधून काय वाहतंय आणि मीटर कुठे बसवलाय, एवढं आपल्याला सांगता आलं पाहिजे. प्लेसमेंटला शुभेच्छा!