पाठीवरचा संगणक : एका खेळाचा आणि खरेदीचा धडा

आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी असते, परंतु त्याचे पाय मोकळे असतात. आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढविणाऱ्या खेळाडूची स्थिती काही वर्षांपूर्वी नेमकी याच्या उलट होती. त्याला किल्ल्याचे तट दिसत, समुद्राचा तळ दिसे, परग्रहावरील दऱ्या दिसत. पण त्याच्या डोक्यापासून निघालेली जाड केबल शेजारच्या संगणकात खोवलेली असल्याने दाव्याला बांधलेले जनावर खुंट्याभोवती जितके फिरते, तितकेच त्याला फिरता येई. हे दावे सोडविण्याचा जो एक खटाटोप झाला, त्यातून पाठीवर वाहून नेण्याचा संगणक जन्माला आला. तो बाजारात आला, गाजला आणि चार-पाच वर्षांतच मागे पडला. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्या शाळा आणि ग्रामपंचायती अनुदानातून किंवा लोकसहभागातून डिजिटल साहित्य घेण्याचा विचार करीत असतील, त्यांनी ही हकिगत केवळ करमणूक म्हणून वाचू नये.

ही केबल मुळात का लागत होती, हे आधी पाहिले पाहिजे. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर एक लहान पडदा असतो. दोन्ही पडद्यांवरील चित्रांत किंचित फरक ठेवला की मेंदूला खोलीचा भास होतो. मान वळविली की त्याच क्षणी चित्रही वळले पाहिजे. हा विलंब सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागापेक्षा वाढला, तर डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच सांगते. मग एस.टी.च्या घाटातल्या प्रवासात होते तशी मळमळ सुरू होते. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटांत प्रत्येक डोळ्यासाठी १०८० गुणिले १२०० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ९० वेळा बदलत असे. दोन्ही डोळ्यांचा हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे २३ कोटी ठिपके रंगवावे लागत. एवढे काम करणारा संगणक चांगलाच दांडगा, विजेचा भुकेला आणि तापणारा असे. तो डोक्यावर ठेवणे शक्य नव्हते; म्हणून तो टेबलावर राहिला आणि मधे केबल आली.

अंगावर संगणक बाळगण्याची कल्पना मात्र यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन गणितज्ञांनी सिगारेटच्या पाकिटाएवढे एक यंत्र तयार केले. ते कपड्यांत लपवून आणि बुटातील कळ पायाच्या अंगठ्याने दाबून रूलेट या जुगारातील गोळी कोठे थांबेल याचा अंदाज घेण्यात येई. अंगावरील पहिला संगणक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो अशा रीतीने खेळासाठीच, आणि तोही फारशा नेक नसलेल्या खेळासाठी, बनला होता! पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर लावण्याचा पडदा दाखविला. त्याचा सांगाडा इतका जड होता की तो छताला टांगावा लागला. हे दोन धागे २००० साली ऑस्ट्रेलियात एकत्र आले. साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधकांनी क्वेक हा त्या काळी गाजलेला संगणकीय खेळ पाठीवरील संगणक आणि डोळ्यांवरील पारदर्शक पडदा यांच्या साहाय्याने उघड्या मैदानात आणला. खेळाडू खऱ्या इमारतींमधून चालत असे आणि कल्पित राक्षस त्या इमारतींच्या आडून पुढे येत.

व्यापारी स्वरूपात हा प्रकार मेलबर्न येथील झिरो लेटन्सी या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केला. मोठ्या गोदामासारख्या जागेत खेळाडू पाठीवर संगणक घेऊन मोकळेपणी फिरू लागले. अमेरिकेतील द व्हॉइड या कंपनीने पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये आणखी एक युक्ती योजली. पडद्यावर जेथे भिंत दिसे, तेथे खरीखुरी भिंतही उभी असे. हात लावला की ती लागे. ही युक्ती शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे, तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

त्यानंतर मोठमोठ्या संगणक कंपन्या या धंद्यात उतरल्या. एमएसआयचा व्हीआर वन, झोटॅकचा व्हीआर गो आणि २०१७ मध्ये एचपीचा झेड व्हीआर बॅकपॅक, अशी पाठीवरच्या संगणकांची एक पिढीच बाजारात आली. एमएसआयचा संच बॅटऱ्यांसह ३.६ किलो वजनाचा होता आणि तो सुमारे दीड तास चाले. एचपीच्या संचाचे वजन पट्ट्यांसह साडेचार किलोंहून थोडे अधिक, आणि किंमत ३,२९९ डॉलरपासून पुढे, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन लाख रुपयांहून अधिक होती. डोळ्यांवरचा हेडसेट निराळा घ्यावा लागे. खेळ चालू असतानाच एक बॅटरी काढून दुसरी बसविण्याची सोय होती आणि गरम हवा खेळाडूच्या पाठीपासून दूर जावी अशी रचना केलेली होती.

येथे मराठवाड्याच्या वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. व्हाइव्ह हेडसेट ग्राहकांच्या हाती पडू लागला तो एप्रिल २०१६ मध्ये. त्याच एप्रिलमध्ये लातूर शहर मिरजेहून येणाऱ्या पाण्याच्या रेल्वेची वाट पाहत होते. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, हे खरे. पण कोणतीही नवी वस्तू ज्या गावात आणावयाची, त्या गावाचे ऊन, पाणी आणि वीज यांचा विचार वस्तू बनविणाऱ्याने केलेला नसतो. तो घेणाऱ्यानेच करावा लागतो.

तसा विचार केला तर पाठीवरचा संगणक आपल्या शाळांच्या मापाचा नव्हताच. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. तीस किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा तीन किलो, चाळीस किलोच्या मुलासाठी चार किलो. म्हणजे त्या पिढीतील हलक्यात हलका संचही पाचवी-सहावीच्या बहुतेक मुलांना दप्तराच्या मापाने जड ठरला असता. तापमानाचेही तसेच. अशा अनेक उपकरणांच्या सूचनापत्रिकांत ३५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते आणि नांदेड-लातूरकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वातानुकूलित दालनातील प्रौढ खेळाडूसाठी बनविलेली वस्तू पत्र्याच्या वर्गखोलीत कशी चालावी?

हा प्रश्न काळानेच निकालात काढला. मोबाइल फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या चिपा इतक्या सुधारल्या की संगणक पाठीवरून उतरून डोळ्यांवरच्या चौकटीतच जाऊन बसला. मे २०१९ मध्ये आलेल्या ऑक्युलस क्वेस्ट या हेडसेटमध्ये संगणक, बॅटरी आणि खोलीचे भान ठेवणारे कॅमेरे हे सारे एकत्र होते. वजन ५७१ ग्रॅम आणि किंमत ३९९ डॉलर. चित्राचा दर्जा मोठ्या संगणकाइतका नव्हता, तरीही लोकांनी मोकळे पाय पसंत केले. खेळघरांच्या धंद्याला २०२० च्या साथीचा तडाखा बसला तो वेगळाच. पाठीवरचे संगणक गोदामात गेले.

उपकरण मागे पडणे हे एक, परंतु उपकरण धडधाकट असताना निरुपयोगी होणे हे अधिक क्लेशकारक असते. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी एक्सपिडिशन्स हा उपक्रम आणला होता. पुठ्ठ्याच्या चौकटीत फोन ठेवून मुलांना दूरदूरच्या स्थळांची सफर घडे. जून २०२१ अखेर तो बंद करण्यात आला. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणारे अनेक कंपन्यांचे हेडसेट २०१७ पासून विकले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने ही प्रणाली मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती वगळली. संगणक अद्ययावत करताच हे हेडसेट चालेनासे झाले. काच शाबूत, पट्टा शाबूत, आणि तरीही वस्तू मृत! जडसंग्रह नोंदवहीत अशा वस्तूची नोंद कायम राहते, वर्गात मात्र ती येत नाही. म्हणून दरपत्रके मागविताना वजन, किंमत आणि हमीचा काळ यांच्याबरोबरच आणखी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. इंटरनेट नसताना आणि कंपनीचे खाते न उघडता हे यंत्र चालते काय? आणि त्यातील पाठ उद्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेता येतील काय? पुरवठादार या प्रश्नांवर घुटमळला, तर ते घुटमळणे हेच उत्तर समजावे.

मुलांच्या वयाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. क्वेस्ट बनविणाऱ्या मेटा कंपनीने प्रारंभी १३ वर्षांखालील मुलांना मनाई केली होती. २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालील खात्यावर १० वर्षांपासून परवानगी दिली. तेव्हा पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी ही खरेदी करूच नये. वरच्या वर्गांतही एका वेळी थोडी मिनिटे पुरेत. फिट येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवू नये. एकच हेडसेट तीस डोक्यांवर फिरणार असेल तर चेहऱ्याची गादी पुसता येण्याजोगी असावी. डोळे आलेल्या मुलाला त्या दिवशी थांबवावे आणि उवांचा विचार करण्यात संकोच बाळगू नये.

मग या साधनाचा आपल्याकडे उपयोगच नाही काय? आहे, पण तो सहलीच्या चित्रांसाठी फारसा नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि देशोदेशीच्या वर्गांशी दृक्‌श्राव्य संपर्कातून घडविलेल्या आभासी सहली ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होती. त्यासाठी मुलांच्या पाठीवर काहीच चढवावे लागले नाही. हेडसेट खर्ची घालावा तो अशाच ठिकाणी, जेथे चालणे, वाकणे आणि आजूबाजूला पाहणे हाच पाठाचा गाभा असेल, आणि प्रत्यक्ष अनुभव घेणे धोक्याचे असेल.

लातूर जिल्ह्याला असे ठिकाण शोधत दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. हजारो माणसे झोपेतच गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत. येथे जीव घेतला तो मुख्यतः घरांनी. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, मधे भर, आणि वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. हादऱ्याने भिंतीचे दोन थर फुटून विलग झाले आणि छत खाली आले. म्हणूनच पुढे मजबुतीकरणात भिंतीच्या आरपार जाणारा दगड आणि भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारा पट्टा यांवर भर देण्यात आला. त्यानंतर जन्मलेली पिढी आज स्वतः घरे बांधते आहे. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. विषय इतिहासजमा झालेला नाही.

भिंत आतून कशी फुटते, हे फळ्यावर काढून दाखविणे अवघड आहे. हेडसेटमधून ते दिसू शकते. विद्यार्थ्याने माळवदाच्या घरात शिरावे, भिंतीला प्रदक्षिणा घालावी, कोठे आरपार दगड घालावयाचे ते स्वतः निवडावे आणि मग जमीन हलवून पाहावी. भिंत टिकली तर पुढची खोली. हा खेळच आहे, आणि गवंडी, ग्रामसेवक व सरपंच यांनाही तो खेळता येईल. मात्र टेबलाखाली डोके झाकून बसण्याच्या सरावासाठी यंत्राची मुळीच गरज नाही. द व्हॉइडने खऱ्या भिंतीसाठी पैसे मोजले. शाळेत खरे बाक आहेत, खरे दार आहे, आणि ते दार आतून कोणत्या बाजूला उघडते हे मुलांना पाठ असले पाहिजे. भूकंपातून वाचलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र हा देखावा दाखविण्यापूर्वी विचारावे. त्यांच्यासाठी तो खेळ नाही.

असा पाठ मराठीत, येथल्या घरांच्या मापाने तयार करावयाचा तर त्याला येथलीच माणसे हवीत. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून उभी आहे. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. स्थापत्य आणि संगणक या दोन शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून एक माळवदाचे घर मोजावे आणि उभारावे, इतके ते काम आटोपशीर आहे. अशी निर्मिती करणारे सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना विनामूल्य मिळते. राज्य शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, गेमिंग आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले असल्याने अशा प्रकल्पांना यापुढे विचारणारे कोणी राहणार नाही, असेही नाही.

ज्या शाळेला प्रयोग करून पाहावयाचा आहे, तिने यंत्र मागविण्यापूर्वी एक खोली रिकामी करावी. साधारण बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद जागा मोकळी हवी; फरशीला उंचवटा नको, पंखा डोक्याच्या आणि उंचावलेल्या हाताच्या वर हवा, आणि भर उन्हाचा थेट किरण हेडसेटच्या भिंगावर पडता कामा नये, कारण भिंगातून एकवटलेल्या उन्हाने आतला पडदा जळतो. खेळणाऱ्या मुलाजवळ दुसरा एक मुलगा उभा राहील, त्याला अडखळू देणार नाही, हेही ठरवून ठेवावे.