"जा" कधी म्हणायचं, "पुरे" कधी म्हणायचं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥


या आठवड्याच्या अभ्यासाला आम्ही घरातलाच प्रश्न घेतला आहे. आपली कितीतरी मुलं पुणे, मुंबई, हैदराबादला नोकरीला आहेत. कोणाला वाटतं, नोकरी सोडून गावी यावं, दुकान टाकावं. कोणा ताईंना मुलं मोठी झाल्यावर स्वतःचं काम सुरू करायचं असतं. मन आज हो म्हणतं, उद्या घाबरतं. जोडीदाराला विचारावं तर उत्तर येतं, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." ऐकायला गोड, पण त्यानं बळ येत नाही. उद्या अडचण आली की तेच तोंड म्हणतं, "मी कुठं सांगितलं होतं?"

मग साथ म्हणजे काय? उत्तर आपल्या शेजारीच आहे, बसवकल्याणला.

बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांच्या काळी तिथं मोळिगे मारय्या होते. मोळिगे म्हणजे आपली मोळीच. परंपरा सांगते की ते काश्मीरचे राजे. राज्य सोडून पत्नी महादेवींसह कल्याणला आले आणि लाकडाच्या मोळ्या विकून राहिले. राजवाड्यातून झोपडीत! दोघांचं मन एक असल्याशिवाय हे निभलं असतं का?

दुसरं जोडपं आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यातून जंगमांना जेवू घालायचं, हे त्यांचं कायक. एकदा मारय्या अनुभव मंटपातल्या चर्चेत रमले आणि काम राहून गेलं. लक्कम्मांनी आठवण दिली: काम थांबलंय, जा. दुसऱ्या वेळी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. तेव्हा लक्कम्मांनीच सांगितलं: हा लोभ आपल्याला नको, जास्तीचे परत टाकून या.

बघा, एकच बाई. नवरा थांबला तेव्हा "जा" म्हणाली, वाहवत गेला तेव्हा "पुरे" म्हणाली. नुसतं हो ला हो केलं नाही, की पाय मागे ओढला नाही. अशी व्यक्ती घरात असली की निर्णय घेताना भीती कमी होते, कारण चुकलो तर सांगणारं कोणी आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

म्हणून राजीनामा देण्याआधी, दिल्यावर नव्हे, दोघांनी बसून तीन गोष्टी वहीत लिहाव्यात:

1. नवीन कामातून पैसा येईपर्यंत किती महिन्यांचा घरखर्च हातात आहे?
2. किती पैसे घातले की थांबायचं? दागिने गहाण ठेवायचे की नाही? हा "पुरे"चा आकडा आजच ठरवा. अडचणीत असताना तो ठरत नाही.
3. धीर सुटला तर "जा" कोण म्हणणार?

जोडीदार "पुरे" म्हणाला तर राग धरू नये. आणि दोघांनी मिळून ठरवलेलं फसलं, तर टोमणा मारू नये. ठरवलं दोघांनी, तर फळही दोघांचं.

या आठवड्याची साधना: रात्री जेवण झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून जोडीदाराला एकच विचारा, "माझं कुठं अडलंय आणि कुठं जास्त होतंय?" उत्तर मध्ये न बोलता ऐका.

सद्गुरू सर्वांना सुबुद्धी देवोत.
🙏 जय गुरुदेव 🙏