चाकातील हवा

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे निघाला, की उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याशी चिंचोटी हे गाव वसले आहे. पावसाळ्यातील धबधब्यामुळे या गावाचे नाव दूरवर ठाऊक झाले आहे. परंतु वाहनचालकांना चिंचोटी परिचयाची आहे, ती तेथील फाट्यामुळे. महामार्ग सोडून कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. त्यामुळे मालवाहू गाड्यांची वर्दळ या फाट्यावर रात्रंदिवस चालू असते.

मे महिन्यातील एका पहाटे या फाट्याजवळ एक पिकअप गाडी उभी होती. भिवंडीच्या गुदामातून फरशीच्या पेट्या भरून त्या डहाणूला पोहोचवावयाच्या होत्या. गाडीचा चालक प्रौढ व अनुभवी होता. सुटीत त्याच्या मदतीला आलेला पुतण्या गेज लावून चाकांतील हवा मोजीत होता.

“काका, मागच्या चाकांत 50 पौंड हवा भरते आहे,” तो म्हणाला. “गाडी रिकामी आहे. एवढी पुरे नाही का?”

“गाडी आता रिकामी आहे, पण भिवंडीला ती भरायची आहे ना?” काका म्हणाला. “पूर्ण भारासाठी मागच्या चाकांत 60 पौंड हवा हवी, असे दाराजवळच्या पट्टीवर लिहिले आहे. आणि टायर थंड आहेत, तोवरच ती भरायला हवी.”

काकाच्या या उत्तरात एक महत्त्वाचे शास्त्र दडलेले आहे.

गाडीचा भार टायर उचलतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो भार मुख्यतः टायरात कोंडलेली हवा उचलीत असते. रबराचे वेष्टण त्या हवेला धरून ठेवण्याचे काम करते. 60 पौंड हवा याचा अर्थ असा, की बाहेरील वातावरणाच्या दाबापेक्षा आतील हवेचा दाब दर चौरस इंचावर 60 पौंडांनी अधिक आहे. आपल्या मापात सांगावयाचे, तर दर चौरस सेंटिमीटरवर हा दाब सुमारे 4.2 किलोग्रॅम होतो.

आता भरलेल्या गाडीच्या मागच्या एका चाकावर 900 किलोग्रॅम भार आहे, असे समजू. या भाराला दाबाने भागले, म्हणजे टायरचा किती भाग जमिनीला टेकतो, याचा स्थूल अंदाज येतो. 900 ला 4.2 ने भागले असता उत्तर सुमारे 214 येते. 214 चौरस सेंटिमीटर म्हणजे मोठ्या माणसाच्या पसरलेल्या पंजाहून थोडीशीच अधिक जागा. असे चार लहानसे ठसे जमिनीला टेकलेले असतात. आणि गाडीचे धावणे, वळणे व थांबणे हे सारे त्यांच्याच आधाराने चालते.

हवेचा दाब निम्मा झाला, तर हा ठसा जवळजवळ दुप्पट पसरतो. जमिनीला अधिक रबर टेकले, तर पकड वाढून फायदाच होईल, असे कोणास वाटेल. परंतु तसे होत नाही. हवा कमी असली, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात खोल दबतात व पुन्हा ताठ होतात. लोखंडी तार सारखी वाकवली असता ती हातास गरम लागते. त्याचप्रमाणे वारंवार दबणारा टायर आतून तापतो. भार जड, वेग अधिक व ऊन कडक असेल, तर ही उष्णता वाढत जाऊन टायरचे थर सुटू लागतात आणि अखेर भर वेगात टायर फुटतो. शिवाय अशा टायरच्या दोन्ही कडा लवकर झिजतात, गाडी वळणावर डोलते आणि इंधनही अधिक जळते.

उलटपक्षी, हवा गरजेपेक्षा अधिक भरली, तर टायर फुगून केवळ मधल्या पट्ट्यावर टेकतो. तो पट्टा लवकर झिजतो. रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याचा हादरा गाडीला व मालाला बसतो. गाडी रिकामी असेल, तर मागची चाके उसळतात व ब्रेक लावताच घसरतात. म्हणून रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी हवेची मापे वेगवेगळी असतात, आणि पुढच्या व मागच्या चाकांतही ती बहुधा सारखी नसतात.

ही मापे गाडी बनवणारे अभियंते ठरवतात. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत ती दिलेली असतात. टायरच्या बाजूवरही दाबाचा एक आकडा कोरलेला आढळतो. परंतु तो त्या टायरची कमाल मर्यादा दर्शवतो. आपल्या गाडीत नेहमी तेवढीच हवा भरावी, असा त्याचा अर्थ नव्हे. काही लोक नेमून दिलेल्या वजनापेक्षा अधिक माल लादतात आणि त्याची भरपाई म्हणून जास्त हवा भरतात. ही मोठी चूक होय. हवा वाढवल्याने टायरची, आसाची वा ब्रेकची शक्ती वाढत नाही.

हवेला असे ओझे वाहावयास लावण्याची कल्पना प्रथम रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्यास सुचली. 1845 साली त्याने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी ते चाक फारसे प्रचारात आले नाही. पुढे बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचा एक पशुवैद्य राहत असे. आपल्या मुलाची तीनचाकी सायकल रस्त्यावर फार आदळते, हे पाहून त्याने तिच्या चाकांस हवा भरलेली रबरी नळी बसवली. 1888 साली त्यालाही पेटंट मिळाले. मुलाला बसणारे धक्के कमी करण्यासाठी केलेल्या त्या खटपटीतून सायकलीच्या व पुढे मोटारींच्या वेगाचा मार्ग मोकळा झाला.

चिंचोटीची ती पिकअप भिवंडीला माल भरून परत फाट्यावर आली व महामार्गाने उत्तरेकडे निघाली. दुपारी मनोरजवळ ती चहासाठी थांबली. पुतण्याने उत्साहाने पुन्हा गेज लावले आणि तो दचकला. “काका, हवा 67 झाली आहे! थोडी सोडून देऊ का?” त्याचे बोट व्हॉल्व्हवर टेकणार, इतक्यात काकाने त्याचा हात धरला.

“हात लावू नकोस. हवा कोणी जास्त भरलेली नाही, ती तापली आहे. आता सोडशील, तर उद्या पहाटे ती कमी भरेल.”

काकाचे म्हणणे गणितानेही पडताळता येते. बंद जागेतील हवा तापली, की तिचा दाब वाढतो. पहाटे 27 अंश सेल्सिअस असलेली टायरातील हवा दुपारी 57 अंशांवर गेली, तर 60 पौंडांचा दाब सुमारे 67 पौंडांवर पोहोचतो. ही वाढ अभियंत्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. त्या वेळी हवा सोडून दाब पुन्हा 60 वर आणला, तर टायर थंड होताच तो सुमारे 53 पौंडांवर उतरेल. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हवेवर गाडी भरून निघाली, तर टायर अधिक दबेल आणि अधिक तापेल. ज्या भीतीने हवा सोडली, तेच संकट अशा रीतीने ओढवून घेतले जाईल. म्हणून हवेचे माप गाडी तीन-चार तास उभी राहिल्यानंतर, टायर थंड असतानाच घ्यावे.

ही काळजी किती आवश्यक आहे, हे समृद्धी महामार्गावरही दिसून आले. मुंबई व नागपूर यांना जोडणाऱ्या या 701 किलोमीटर लांबीच्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तेथे तापलेल्या रस्त्यावरून दीर्घकाळ वेगाने धावताना टायर फुटून अपघात होऊ लागले. तेव्हा 2023 साली परिवहन विभागाने वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घेतली. रस्ता कितीही उत्तम असला, तरी गाडी शेवटी आपल्या चार ठशांवरच धावत असते.

सायंकाळी फरशीच्या पेट्या डहाणूस सुखरूप उतरल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, काकाने सांगण्यापूर्वीच, पुतण्या गेज घेऊन चाकाजवळ बसला होता. मागच्या चाकात हवा बरोबर 60 पौंड भरली. त्याने व्हॉल्व्हवर टोपी घट्ट बसवली आणि तो स्टेपनीकडे वळला. कारण अडचणीच्या वेळी जिच्यावर भिस्त ठेवावयाची, तिच्यातील हवा आधीच पाहून ठेवणे शहाणपणाचे असते.

शब्दार्थ
वर्दळ – ये-जा. वेष्टण – आवरण. स्थूल – ढोबळ. उलटपक्षी – याउलट. भिस्त – भरवसा.

स्वाध्याय
1. रिकाम्या गाडीतही काकाने 60 पौंड हवा का भरावयास सांगितली?
2. हवा कमी असलेला टायर का तापतो?
3. मनोर येथे हवा सोडली असती, तर दुसऱ्या दिवशी काय झाले असते?
4. एका चाकावर 840 किलोग्रॅम भार आहे व हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 4.2 किलोग्रॅम आहे. तर चाकाचा सुमारे किती भाग जमिनीला टेकेल?
5. आपल्या सायकलीच्या चाकांतील हवा सकाळी व उन्हात ठेवल्यानंतर दाबून पाहा. जाणवलेला फरक चार ओळींत लिहा.