सायकलच्या मागे आधी काय लावावं?

प्रश्न : रोज कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जातो, रविवारी सातारा रस्त्याला. मागे कॅमेरा घ्यावा, लाइट की रडार?

उत्तर : आधी चांगला लाइट घ्या आणि तो दिवसाही लावा. दिवसा लुकलुकता ठेवा, रात्री मात्र स्थिर. लुकलुकत्या दिव्याचं अंतर मागच्याला नीट कळत नाही. पावसाळ्यात चाकाचा चिखल काचेवर बसतो, थांबाल तिथे बोटाने पुसा.

रडारचा खरा उपयोग तुमच्या रविवारी. गार्मिनचं व्हारिया ५१५ मागून येणारं वाहन सुमारे १४० मीटरवरून टिपतं आणि इशारा देतं. तुम्ही ताशी २५ किलोमीटरने जाताय आणि ट्रक ६० ने येतोय, तर हाताशी १४ सेकंद मिळतात. कडेला सरकायला ते भरपूर आहेत. हिंजवडीच्या गर्दीत ते सारखं वाजत राहील, आणि तुमच्याच वेगाने मागे चिकटलेली गाडी त्याला दिसणारही नाही. वाहन किती जवळून जाईल, हेही ते सांगत नाही. वळण्यापूर्वी मान वळवून बघायचंच!

कॅमेरा धडक टाळत नाही, पुरावा देतो. त्यातही रात्री हेडलाइटच्या झोतात नंबरप्लेट बहुधा वाचता येत नाही. पैसे उरले तरच घ्या.