माइक कोणासाठी?

शब्बाथ शाळेचे शिक्षक व गायक मंडळी यांच्यासाठी अभ्यास
वाचन: १ करिंथ १२:२२–२६, १४:७–९

पौलाने करिंथच्या मंडळीला वाद्यांचा दाखला देऊन एक साधी गोष्ट सांगितली. सूर स्पष्ट ओळखू आला नाही, तर ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. हा धडा आम्ही पुष्कळदा शिकवला होता. पण तो आम्हांला खऱ्या अर्थाने समजला तो पेडणे तालुक्यातील एका अंगणात.

पावसाळ्यापूर्वीची सायंप्रार्थना होती. साठ-सत्तर माणसे जमली होती. मिक्सर नवा होता, त्यात जागा रिकाम्या होत्या, म्हणून आम्ही ड्रम सेटला पाच माइक लावले. गाणाऱ्या सहा जणांना मिळून एक. सभा संपल्यावर दूरच्या वाड्यावरून चालत आलेल्या एका आजींनी विचारले, "मास्तर, वाजवणे बरे झाले, पण गीत कुठले म्हटलेत ते काही कळले नाही." आम्ही हा दोष ड्रम वाजवणाऱ्या तरुणावर ढकलला. "हात जरा आवर," असे त्याला चारचौघांत सुनावले. पुढचे दोन रविवार तो उपासनेला आला नाही.

दोष त्याच्या हाताचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता. ती कशी सुधारावी ते क्रमाने पाहू.

१. आधी माइकशिवाय ऐका. लहान सभागृहात स्नेअर व सिंबल यांचा आवाज आपोआप मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. त्यांना माइक देणे म्हणजे मोठ्याने बोलणाऱ्याच्या हाती कर्णा देणे होय. शिवाय प्रत्येक उघडा माइक शेजारचाही आवाज ओढून घेतो. उघडे माइक दुप्पट केले की शिट्टी वाजण्यापूर्वीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. लाउडस्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत.

२. एकच माइक असेल तर तो बेस ड्रमला. त्याचा खर्ज मोकळ्या जागेत विरून जातो. पुढच्या कातड्याला भोक असेल तर साधा डायनॅमिक माइक त्यातून आत न्यावा. तो ठोक्याच्या कातड्याजवळ नेला तर टणक आवाज येतो, बाहेर ओढला तर गोल आवाज येतो. आत घडी केलेली चादर ठेवल्यास घुमणे कमी होते.

३. सभा मैदानात असेल तर पुढचे माइक. स्नेअरचा माइक काठावर दोन-तीन बोटे उंच, कातड्याच्या मध्याकडे तिरपा, व त्याची पाठ हाय-हॅटकडे असावी. कारण असा माइक पाठीमागचे कमी ऐकतो. वरून दोन माइक टांगायचे झाल्यास दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर हवेत. अंतर दोरीने मोजावे. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जाण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तोच ठोका दोन माइकांत मागेपुढे पोहोचला, तर काही लहरी एकमेकींना खोडून काढतात व ड्रम पोकळ वाजतो. हे माइक कंडेन्सर जातीचे असल्यास मिक्सरवरून ४८ व्होल्टचा पुरवठा सुरू करावा.

४. लाल दिव्याकडे लक्ष. वादकाला सर्वांत जोराचा ठोका मारण्यास सांगावे व लाल दिवा लागणार नाही इतका गेन ठेवावा. ही तपासणी सभेपूर्वी करावी, प्रार्थनेत नव्हे.

आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो व क्षमा मागितली. तो म्हणाला, "मास्तर, माझे माइक काढा, गाणाऱ्यांना द्या." पुढची सभा डिचोलीत होती. मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या गावात एका मित्राने घुमट आणले. आपल्या भागात आरतीच्या वेळी शामेळ व कासाळ्यांसह वाजणारे हे मातीचे वाद्य. २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा-वाद्य ठरवले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे ताणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचे वापरतात.

ड्रम सेटशेजारी घुमट बुडून जाते. म्हणून त्या दिवशी माइक घुमटाला दिला. तो कातड्यापासून वीतभर दूर ठेवला. मागचे उघडे तोंड मोकळे सोडले, कारण वादक ते डाव्या हाताने झाकून-उघडून नाद बदलतो. माइक त्या हाताच्या आड येता कामा नये. मागेही दुसरा माइक लावल्यास मिक्सरवरील उलट-सुलट ध्रुवतेचे बटण दोन्ही रीतींनी दाबून पाहावे व आवाज भरदार येईल तो ठेवावा. ड्रमला एक, घुमटाला एक, गाणाऱ्यांना तीन, अशी वाटणी झाली. आणि गीताचे शब्द कुंपणाबाहेर उभ्या असलेल्यांनाही कळले.

शेजाऱ्यांचाही विचार करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही.

शरीरातील जे अवयव अशक्त दिसतात त्यांचीच अधिक गरज असते, असे पौल शिकवतो. माइकचेही काम तेच. तो बलवानाला अधिक बळ देण्यासाठी नाही. ज्याचा आवाज पोहोचत नाही त्याच्यासाठी आहे.

वर्गात चर्चेसाठी
१. आपल्या उपासनेत कोणाचा आवाज मागच्या रांगेला पोहोचत नाही?
२. मांडणीचा दोष आपण कधी माणसावर ढकलला आहे काय?
३. येत्या रविवारी वर्गातील दोघांना शेवटच्या बाकावर बसवा. गीताचे कोणते शब्द कळले नाहीत, ते त्यांनी लिहून आणावेत.