'नाही' म्हणायची सोय

तरुण माणसाची किडनी निकामी झाली की घरावर दोन कामं एकदम येऊन पडतात. एक डायलिसिसचं, दुसरं दाता शोधण्याचं. पहिल्याची वाट डॉक्टर दाखवतात. दुसरं घरच्यांनीच करायचं असतं आणि ते कसं करावं हे कुणी शिकवत नाही. माझ्या भाचीच्या आजारपणात आमचं घर या दुसऱ्या कामात होरपळून निघालं. आज आमच्या येरवड्यात कुणाच्या घरी अशी वेळ आली, की लोक मला विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

भाची चोवीस वर्षांची, कल्याणीनगरच्या एका कंपनीत नोकरीला. चेहरा सुजायला लागला, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन दहाच्या वर. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. मूळ आजार कोणता हे आता सांगणं कठीण आहे, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात सगळे नातेवाईक बहिणीच्या घरी जमले. थोरल्या काकांनी भाचीच्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दरवर्षी राखी बांधून घेतोस ना? मग आता बघ काय ते." पोरगा बावरून 'हो' म्हणाला. त्याची बायको उठून आत गेली. तपासण्या सुरू झाल्या, रक्तगट जुळला, आणि निम्म्या वाटेवर त्याने फोन उचलणं बंद केलं. मग त्याला भ्याड म्हणून झालं, सुनेला बोल लावून झाले. दोघांचं लग्न नवं होतं, घरात मूल येणार होतं. पण त्याला काय वाटतं, हे त्याला एकट्याला बसवून कुणी विचारलंच नव्हतं. मधे महिने गेले ते गेलेच, बहीण-भावाचं बोलणंही तुटलं.

म्हणून पहिली गोष्ट: किडनी चारचौघांत कुणाकडे मागू नका. पेशंटला तर मुळीच मागायला लावू नका. घरातलं एक शांत माणूस या कामाला नेमा. त्याने प्रत्येकाला वेगळं गाठून आजार काय आहे, कोणत्या तपासण्या होतील, दात्याला धोका किती हे सांगावं आणि उठून यावं. उत्तर तिथल्या तिथे घेऊ नये. ज्याला द्यायची असेल तो आपणहून फोन करतो. द्यायची इच्छा नसलेला दाता डॉक्टरांशी एकट्याने बोलू शकतो आणि ऑपरेशनच्या दिवशीही माघार घेऊ शकतो, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे, मिळणाऱ्यांत पुरुषांची. आई आहे, बायको आहे म्हणजे देणारच, असं घर गृहीत धरतं. २०१४ च्या नियमांनी म्हणूनच दाता स्त्री असेल तर तिच्या स्वतंत्र संमतीची जास्त काळजीपूर्वक खातरजमा करायला सांगितलं आहे. घरानेही तेवढं करावं.

दुसरी गोष्ट दलालाची. भावाने पाठ फिरवल्यावर भावजी खचले होते. डायलिसिस सेंटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांना एक माणूस भेटला. "कागदांचं टेन्शन घेऊ नका, दाता सख्खी बहीण म्हणून दाखवू." भावजींनी घरात कुणाला न सांगता आगाऊ रक्कम दिली. माणूस पुन्हा दिसला नाही. पोलिसांत जायचं तर काय सांगणार? मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात किडनीसाठी पैसे देणं, घेणं आणि पैसे देऊन दाता शोधणं, तिन्ही गुन्हेच आहेत. शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड.

पैसे देऊन ऑपरेशन झालंच तरी ते प्रकरण मिटत नाही. पुण्यातच २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या एका बाईला पेशंटची बायको म्हणून दाखवून तिची किडनी काढली गेली. १५ लाखांचा वायदा होता. पैसे मिळाले नाहीत म्हणून तीच पुढे आली आणि गुन्हा दाखल झाला. त्यानंतर कागद जास्त बारकाईने तपासले जातात. आम्हालाही फेऱ्या पडल्या, पण त्याचा मला राग नाही.

कायद्याने जवळचे नातेवाईक कोण, हे आधीच जाणून घ्या: आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. मामा, मावशी, काका, आत्या, चुलत-मावस भावंडं यात येत नाहीत. मी स्वतः मावशी, म्हणजे कायद्याच्या लेखी परकी. अशा माणसाला मायेपोटी किडनी देता येते, पण प्राधिकार समितीची मंजुरी लागते. समिती मुलाखत घेते, नातं आणि आर्थिक परिस्थिती तपासते. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला यांतली नावं एकसारखी आहेत का हे सुरुवातीलाच पाहा.

आमचा मार्ग शेवटी तिसराच निघाला. वडिलांना मधुमेह, म्हणून ते बाद. आईची तयारी पहिल्या दिवसापासून होती, पण भाचीचा रक्तगट ए, आईचा बी. त्यामुळे सगळ्यांनी आईचं नाव तेव्हाच खोडलं होतं. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरने सांगितलं की जुळत नाही म्हणजे संपलं असं नाही. दुसऱ्या एका कुटुंबात पेशंट बी होता आणि दाता ए. दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल केली. यालाच स्वॅप म्हणतात, २०११ च्या दुरुस्तीने त्याला कायदेशीर वाट दिली आहे. तेव्हा रक्तगट न जुळणाऱ्या दात्याचं नाव खोडू नका, को-ऑर्डिनेटरला कळवा. आणि घरचा दाता मिळेल असं वाटत असलं तरी मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षायादीत नाव लगेच घाला. पुण्यात ही यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, सांभाळतं. नोंदणी हॉस्पिटलमार्फत होते.

वाट पाहण्याच्या काळात पेशंटला जपायचं ते असं. डायलिसिससाठीचा फिस्टुला ज्या हातावर करायचा त्या हाताच्या शिरेत सुई टोचू देऊ नका. गरज नसताना रक्त चढवून घेऊ नका, त्याने शरीरात अँटिबॉडी वाढून पुढे दाता जुळणं अवघड होतं. हिपॅटायटिस बीची लस विचारून घ्या. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, कुणी दिलेलं भस्म, कमरख हे फळ, तिन्ही लांब ठेवा. शहाळ्याचं पाणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पोटॅशियम वाढतं. भाऊ-बहीण दाता असेल तर हा आजार आनुवंशिक नाही ना, याची तपासणी दात्यासाठी आग्रहाने करून घ्या.

पैशांचं आधी बसून ठरवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. हॉस्पिटल योजनेत आहे का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. पण खरा हिशोब ऑपरेशननंतरचा असतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधं किडनी चालते तोवर, ठरलेल्या वेळेलाच घ्यावी लागतात. तरुण पोरं बरं वाटलं की गोळ्या चुकवतात, आणि मिळालेली किडनी तिथे जाते. पपनस खाल्लं तरी या औषधाची रक्तातली पातळी बिघडते.

आणि दात्याला विसरू नका. ऑपरेशननंतर सगळं घर भाचीभोवती होतं, बहीण दुसऱ्या खोलीत एकटी. तिलाही दरवर्षी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं आहे, तिलाही दुखण्याच्या गोळ्या वर्ज्य आहेत. त्या तारखा आता भाचीच आठवणीने पाळते.

भाऊ पुढे भेटायला आला. त्याला काय बोलायचं हे मी घरात आधीच बजावून ठेवलं होतं: काहीच नाही, फक्त चहा. किडनी न देणारा माणूसही पेशंटला लागतो. त्याच्या गाडीवर ती तपासणीला जाते, रात्री-अपरात्री ताप आला तर त्यालाच हाक मारते. एका नकारासाठी असा माणूस कायमचा गमावू नका.