ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही का?

अभ्यासासाठी शास्त्रवाचन : मत्तय 8:5-13, प्रेषितांची कृत्ये 10, रोमकरांस पत्र 2:12-16



नोव्हेंबर महिना आला की आपण दफनभूमीत जातो, थडग्यांवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांसाठी मिस्सा अर्पण करायला सांगतो. पण मृतांच्या नावांची यादी करताना आपल्यापैकी कितीतरी घरांत एका नावाशी हात अडखळतो. आईचे माहेर हिंदू असते. आजी शेवटपर्यंत अंबाबाईची ओटी भरत आली, उपासतापास करीत आली. तिने नातवंडांना मायेने वाढवले, दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवले नाही. तिचा अंत्यविधी पंचगंगेकाठी झाला. आपल्या दफनभूमीत तिचे थडगे नाही. तिचे नाव यादीत लिहावे का? ती आता कुठे आहे?

हा प्रश्न मनात आला की लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले एक वाक्य आठवते : ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही. त्या वाक्याच्या भीतीने पुष्कळजण आजीबद्दल विचारायचेच टाळतात. म्हणून आज आपण या शिकवणीचा नीट विचार करू या.

हे वाक्य आले कुठून?

तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन यांनी हा विचार मांडला. त्या काळी ख्रिस्तसभेत फूट पडत होती. जाणूनबुजून वेगळी चूल मांडणाऱ्यांना सिप्रियन बजावत होते. ज्यांच्या कानी येशूचे नाव कधी पडलेच नाही, अशा लोकांबद्दल ते बोलत नव्हते.

पुढे या वाक्याचा अर्थ कडक होत गेला. 1442 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने आपल्या निवेदनात यहुदी, मूर्तिपूजक आणि ख्रिस्तसभेपासून फुटलेले, असे सगळेच मरणापूर्वी ख्रिस्तसभेत न आल्यास सार्वकालिक जीवनाला मुकतील, असे म्हटले. त्या वेळच्या युरोपातील विद्वानांची समजूत अशी होती की, शुभवर्तमान जवळजवळ सगळ्या जगाला पोहोचले आहे आणि जो बाहेर आहे तो हट्टाने बाहेर आहे. पण पन्नास वर्षांतच, 1492 साली कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला. येशूचे नावही न ऐकलेले कोट्यवधी लोक जगात आहेत, हे युरोपला कळून चुकले.

जपानी श्रद्धावंतांचे अश्रू

आपण ज्यांच्या फेस्ताला गोव्याला जातो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनाही हाच प्रश्न भेटला. ते 1542 साली गोव्यात आले आणि 1549 साली जपानला गेले. तिथून परतल्यावर जानेवारी 1552 मध्ये त्यांनी कोचीनहून लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. नवे जपानी श्रद्धावंत आपल्या मेलेल्या आईबापांबद्दल, बायकामुलांबद्दल विचारीत. त्यांना नरकातून सोडवता येईल का? त्या काळच्या शिकवणीप्रमाणे झेवियर यांनी नाही असे उत्तर दिले. ते ऐकून लोक रडत राहिले. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, असे त्या संताने लिहून ठेवले आहे.

पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. देव इतका दयाळू आहे तर त्याने आमच्या पूर्वजांना आधी का कळवले नाही, असे जपानी लोक विचारीत. तेव्हा झेवियर सांगत की, देवाचा नियम माणसाच्या हृदयात आधीपासूनच लिहिलेला आहे. एखादा माणूस एकटा डोंगरात वाढला तरी खून, चोरी वाईट हे त्याला कळते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला विचार तो हाच. पुढे चारशे वर्षांनी जो विचार बहरला, त्याचे बीज या उत्तरात होते.

1964 सालची मुंबई

9 व्या पियुस या परमगुरूंनी 1863 साली लिहिले की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना सत्य धर्म ठाऊक नाही पण जे देवाचा नियम मनापासून पाळतात, त्यांना देव आपल्या कृपेने सार्वकालिक जीवन देऊ शकतो. अमेरिकेतील फादर लिओनार्ड फीनी हे जुन्या वाक्याचा कडक अर्थ शिकवू लागले, तेव्हा तो अर्थ चुकीचा असल्याचे रोमने 1949 साली कळवले. ते ऐकेनात म्हणून 1953 साली त्यांनाच ख्रिस्तसभेबाहेर ठेवण्यात आले. पुढे 1972 मध्ये त्यांचा समेट झाला.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. 21 नोव्हेंबर 1964 रोजी ख्रिस्तसभेविषयीचा मुख्य दस्तऐवज जाहीर झाला. त्याच्या 16 व्या परिच्छेदात ही आशा स्पष्ट शब्दांत आली. त्यानंतर बाराव्या दिवशी, 3 डिसेंबरला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच सणाच्या दिवशी, 6 वे पॉल हे परमगुरू आपल्या मुंबईत होते. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी ते आले होते. त्या दिवशी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींना भेटताना त्यांनी उपनिषदातील सत्य, प्रकाश आणि अमरत्व मागणारी प्रार्थना आदराने उच्चारली. ज्या भूमीत झेवियर यांनी काम केले, त्याच भूमीत पेत्राचा वारस हिंदूंच्या प्रार्थनेत देवाची ओढ पाहत होता.

मग शिकवण बदलली का?

मूळ श्रद्धा बदललेली नाही. तारणारा एकच, तो प्रभू येशू. आजीचे तारण झाले तर तेही त्याच्याच क्रुसामुळे, मग त्याचे नाव तिच्या ओठी आले असो वा नसो. समजली गेली ती देवाच्या दयेची व्याप्ती. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 1257) म्हटले आहे की, देवाने तारण स्नानसंस्काराशी जोडले आहे, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. कर्नेल्याच्या घरी पेत्रालाही हेच शिकावे लागले. तिथे पाण्याआधी पवित्र आत्मा उतरला.

काहीजण विचारतील की, असे असेल तर स्नानसंस्कार कशाला, शुभवर्तमान सांगायचे कशाला? ज्याला पाण्याची विहीर सापडली तो शेजाऱ्याला हाक मारतोच. शेजारी तहानेने मरेलच, अशी खात्री झाल्यावरच हाक मारायची असे नसते. येशूला ओळखणे हा आनंद आहे आणि आनंद वाटावासा वाटतो. शिवाय हृदयात लिहिलेला नियम वाचणे सोपे नसते. पाप आणि अंधार सगळ्यांनाच घेरतात, हे परिषदेनेही सांगितले आहे.

आपल्यासाठी बोध

त्याच दस्तऐवजाचा 14 वा परिच्छेद आपण सहसा वाचत नाही. त्यात म्हटले आहे की, जो प्रीतीत टिकून राहत नाही तो ख्रिस्तसभेत नुसता देहाने असतो, मनाने नसतो, आणि त्याचे तारण होत नाही. म्हणजे जे वाक्य आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवायला वापरत आलो, ते आता आपल्याकडे वळते. शताधिपतीचा विश्वास पाहून येशूनेही असेच सांगितले होते की, पूर्व-पश्चिमेकडून पुष्कळ येतील आणि घरचे म्हणवणारे बाहेर राहतील. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरात कोणी कोणाची जात-धर्म न विचारता भाकरी पोहोचवली. मत्तयच्या 25 व्या अध्यायातील न्यायाच्या वेळी प्रभू याच भाकरीचा हिशेब विचारणार आहे.

आणि आजीचे नाव? ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील (1983) 901 वा नियम सांगतो की, जिवंत असो वा मृत, कोणाहीसाठी मिस्सा अर्पण करता येते. तेव्हा नाव निःसंकोच लिहावे. ती स्वर्गात आहे असा दाखला आपण देऊ शकत नाही. नरकात आहे असा निकाल देण्याचाही आपल्याला अधिकार नाही. जिने आपल्याला प्रेम म्हणजे काय ते दाखवले, तिला प्रेमस्वरूप देवाच्या हाती सोपवावे आणि आशा धरावी.

कुटुंबात चर्चेसाठी

1. आपल्या प्रार्थनेतून कोणत्या नातलगाचे नाव आपण आजवर वगळले?
2. ख्रिस्ती नसलेल्या कोणत्या व्यक्तीत आपल्याला शुभवर्तमानाची खूण दिसली?
3. मी ख्रिस्तसभेत देहाने आहे की मनानेही?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तुला नावाने ओळखून आणि न ओळखता ज्यांनी तुझा शोध घेतला, त्या आमच्या सर्व मृतांना तुझ्या प्रकाशात घे. आम्हाला प्रीतीत टिकव. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.